राजवैद्य मगिल आणि घरचें आजारपण

गेल्या महिन्यांत आमचे एक वृद्ध आप्त बोरिवलीस आजारी होते. दुपारच्या वेळीं त्यांच्याजवळ पाळीपाळीनें बसणाऱ्या मंडळींत मीहि होतों. एके दिवशीं पाळी लौकर संपली, म्हणून कान्हेरीच्या डोंगरावर गेलों. शंभरावर लेणीं, आणि बहुतेक लेण्यांशेजारीं कातळांत खोदलेलें पाण्याचें टाकें. तेथील शिलालेखांत त्यास ‘पाणियपोढी’ म्हटलें आहे. कातळांतल्या पन्हळींनीं पावसाचें पाणी टाक्यांत आणण्याची ती योजना पाहतांना मनांत आलें, येथें ज्याला ताप भरे त्याला हें पाणी पाजी कोण? भिक्षु तर घरदार सोडून आलेले!

पालि विनयग्रंथांत ह्याचें उत्तर आहे. पोटाच्या विकारानें पडलेला एक भिक्षु स्वतःच्याच मलमूत्रांत लोळत होता. कोणी जवळ जाईना. कारण त्यानेंहि कधीं कोणाचें कांहीं केलें नव्हतें. बुद्धानें आनंदाच्या साहाय्यानें त्यास स्वतः स्नान घातलें, खाटेवर निजविलें, आणि मग भिक्षूंनीं एकमेकांची शुश्रूषा करावी असा नियमच घालून दिला. तूप, लोणी, तेल, मध व गूळ हीं औषधादाखल जवळ ठेवण्यास मोकळीक होती, तीहि सात दिवसांपुरतीच. शुश्रूषेस अवघड अशा रोग्याचीं लक्षणेंहि त्याच ग्रंथांत आहेत: अपथ्य करणारा, औषध न घेणारा, दुखणें खरें न सांगणारा. हीं मीं आमच्या रोग्यास ऐकविलीं, तेव्हां ते हंसले. पण संध्याकाळचा काढा निमूटपणें प्याले.

चरकसंहितेंत चिकित्सेचे चार पाद मानिले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाला ज्ञान, दक्षता, प्रेम व शुचिता हे गुण हवेत. आपल्या घरांतून हा पाद बहुधा सुनेच्या वांट्यास येतो. डॉक्टरांचें नांव सर्वांस सांगितलें जातें, औषधाची किंमतहि. रात्रीं चार वेळां कोण उठलें, हें मात्र कोणी विचारीत नाहीं.

जुन्या काळीं वैद्याचें नांव खडकावर कोरलें गेलें, तें पितळखोऱ्यास. छत्रपति संभाजीनगर जिल्ह्यांतील कन्नडजवळच्या ह्या प्राचीन लेण्यांत राजवैद्य मगिल याच्या दानाचा लेख आहे. गौतमीपुत्राप्रमाणें तोहि मातेच्या गोत्रनामानें ‘वात्सीपुत्र’ म्हणविला गेला आहे. जवळच्याच चैत्यगृहांत पैठणच्या गांधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या, कुळांतील मित्रदेवानें एक स्तंभ दिला. मगिलाचा पुत्र दत्तक आणि कन्या दत्ता ह्यांचींहि स्वतंत्र दानें आहेत. दत्तेची ओळख लेखांत राजवैद्याची कन्या अशी दिली आहे.

ही गोष्ट सांगत असतां त्या घरची धाकटी सून दाराशीं उभी होती. अठरा रात्री तिनें काढल्या होत्या. तिला दोन दिवस माहेरीं जावयाचें होतें, पण विचारण्याचा संकोच. त्या दोन रात्री मीं व माझ्या पत्नीनें मागून घेतल्या.