सिलिंडर कोण संपवतो?

सिलिंडर ठरल्या दिवसापेक्षा आठ दिवस आधी संपला की घरात पहिला प्रश्न कोणाला विचारला जातो, हे आमच्या वाचक भगिनींना सांगायला नको. "एवढ्या लवकर कसा संपला?" विचारणारे अब्बा असतात, शौहर असतात, कधी सासूबाई असतात. उत्तर मात्र एकटीने द्यायचे असते. या महिन्यात आम्ही त्याच प्रश्नाचा हिशेब मांडणार आहोत आणि तो घरातल्या सगळ्यांनी वाचावा, अशी आमची इच्छा आहे.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो चाळीस दिवस पुरला तर रोजचा खर्च साधारण ३५५ ग्रॅम, तीसच दिवस पुरला तर ४७० ग्रॅमच्या पुढे. नवा सिलिंडर लावला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करा. चार-पाच सिलिंडरांच्या खुणा झाल्या की आपल्या घराची चाल कळते. पाहुणे कधी आले होते, रमजान कधी होता, सगळे त्यात दिसते. रागावण्याआधी घरच्यांनी ते कॅलेंडर बघावे.

आता चुलीवरची गोष्ट. एक लिटर पाणी उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सुमारे सातपट उष्णता तेच पाणी पूर्ण वाफ करून उडवायला लागते. याचा अर्थ असा, की आपला गॅस उकळी आणण्यात कमी आणि उकळी आल्यावर वाफ उडवण्यात जास्त जातो. पाणी एकदा खळखळू लागले की मोठ्या आचेने ते आणखी गरम होत नाही. मंद आचेवरही तेवढेच तापलेले राहते. डाळ, सालन, बटाटे खळखळणाऱ्या पाण्यात लवकर शिजतात हा भ्रम आहे. उकळी आली की आच बारीक करा आणि झाकण ठेवा. या दोन गोष्टींइतकी बचत बाजारातले कोणतेही उपकरण करून देत नाही, असे आमचे मत आहे.

कुकरचेही तेच. नेहमीच्या कुकरमध्ये पूर्ण दाब असताना आतले तापमान १२० अंशांच्या आसपास जाते, म्हणून मटण लवकर गळते. पण शिट्टी म्हणजे बाहेर गेलेली वाफ. "पाया आहे, दहा शिट्ट्या घ्या" या हिशेबात शिजण्यापेक्षा उडवणेच जास्त होते. पहिली शिट्टी झाली की आच अगदी कमी करा आणि पुढे घड्याळाकडे बघा. शेवटी गॅस बंद करून वाफ आपोआप जिरू द्या. तेवढ्या वेळातही आतले शिजतच असते. चणे, राजमा, खिचड्याचे गहू रात्री भिजत घातले तर शिजायला बराच कमी वेळ लागतो. भिजवायला फक्त आठवण लागते, आणि ती घरातल्या कोणालाही ठेवता येते.

पाया-निहारीबद्दल थोडे सविस्तर. रात्रभर मंद आचेवर ठेवल्याशिवाय निहारीला चव नाही, असे जुन्या बायका सांगत, आणि त्यांच्या काळात ते खरेही होते. रात्रीचा स्वयंपाक झाल्यावर चुलीत निखारे उरत, आणि पातेले त्यांच्यावर राही. ती आच फुकटची होती. भेंडी बाजारातल्या देगीचेही गणित वेगळे आहे. देग जितकी मोठी, तितकी तिच्यातल्या मालाच्या मानाने बाहेर जाणारी उष्णता कमी. शंभर माणसांची निहारी रात्रभर शिजवणे परवडते. सहा माणसांची, गॅसवर, पातळ पातेल्यात परवडत नाही. घरी कुकरच बरा. मसाल्याचा बघार शेवटी घाला, चवीत फरक पडलाच तर फार थोडा.

दम मात्र आपल्याच स्वयंपाकघरातली बचतीची युक्ती आहे. झाकणाला कणीक लावून वाफ आत कोंडायची आणि खालची आच जेमतेम ठेवायची. साध्या भातालाही हे चालते. पाणी आटत आले की गॅस बंद करा, पातेले जाड चादरीत किंवा जुन्या गोधडीत गुंडाळून वीस मिनिटे ठेवा, भात मोकळा होतो. मांसाच्या पदार्थाला मात्र हा उपाय नको. ते आधी पूर्ण शिजलेलेच हवे. कोणतेही सालन कोमट अवस्थेत तासन्‌तास ठेवू नये.

इथपर्यंतचे सगळे चुलीजवळ उभ्या असलेल्या बाईच्या हातात आहे. पुढचे नाही. दुपारी एक वाजता शिजलेले सालन मुलगा कॉलेजातून आल्यावर दोनला गरम होते, शौहर तीनला येतात तेव्हा पुन्हा, आणि धाकटा क्रिकेट खेळून आला की आणखी एकदा. दर वेळी पूर्ण पातेले तापते, कारण वाटीभर वेगळे काढायला कोणाला सुचत नाही. चहाचेही तसेच, पाच वेळा पाच जणांसाठी आधण चढते. एकदा करून थर्मासमध्ये भरला तर कोणाचा मान कमी होत नाही. एका दस्तरखानावर सगळे एकत्र बसले तर सालन एकदाच गरम होते. रमजानमध्ये इफ्तारला सगळे एकत्र बसतात, तरीही सिलिंडर लवकर संपतो, तो तळणामुळे आणि ताटातल्या पदार्थांच्या संख्येमुळे. भजी, समोसे, कटलेट हे तिन्ही रोज पाहिजेतच का, हा प्रश्न खाणाऱ्यांनी स्वतःला विचारावा. इस्राफवरचे बयान ऐकून घरी आल्यावर चौथा पदार्थ मागणारे पुरुष आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. आणि बचत करायची म्हणून घरच्या बाईनेच सहेरीला थंड भाकरी खाऊन घ्यावी, ही बचत आम्हाला मान्य नाही.

इंडक्शन घ्यावे का, असे पुष्कळ जणी विचारतात. ढोबळ हिशेब असा: एक किलो गॅस जेवढा स्वयंपाक करतो तेवढा करायला इंडक्शनला साधारण दहा युनिट वीज लागते. म्हणून तुम्हाला सिलिंडर ज्या किमतीला पडतो ती १४२ ने भागा. येणाऱ्या आकड्यापेक्षा तुमचा विजेचा दर कमी असेल तर इंडक्शन स्वस्त, नसेल तर महाग. दर पाहताना बिलातला शेवटच्या टप्प्याचा दर पाहा, कारण महावितरणचा घरगुती दर शंभर युनिटांनंतर चढतो आणि तीनशेनंतर आणखी चढतो. इंडक्शनची वीज त्या वरच्या टप्प्यातच जमा होते. इस्त्रीचेही लक्षात ठेवा: हजार वॉटची इस्त्री सतत तासभर तापत राहिली की एक युनिट. सगळे कपडे एकदाच काढा. दुपट्टे आणि रुमाल शेवटी, बटण बंद करून, उरलेल्या उष्णतेवर होतात.

बर्नरची ज्योत पिवळी दिसू लागली आणि पातेल्याचे बूड काळे होऊ लागले तर गॅस नीट जळत नाही. भोके ब्रशने किंवा सुईने साफ करा. ज्योत पातेल्याच्या बाजूने वर चढत असेल तर ती हवा तापवते, सालन नाही.

एक गोष्ट मात्र बचतीच्या नावाखाली कोणीही करू नये. संपत आलेला सिलिंडर आडवा करणे, हलवणे किंवा गरम पाण्यात ठेवणे. आडव्या सिलिंडरमधून द्रवरूप गॅस रेग्युलेटरकडे येतो आणि शेगडीवर भडका उडू शकतो. मूठभर गॅससाठी हा धोका पत्करू नका. रबरी नळीवर छापलेली मुदत बघा, ती उलटली असेल तर नळी बदला. गॅसचा वास आला तर आधी रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, विजेच्या कोणत्याही बटणाला हात लावू नका आणि एजन्सीच्या माणसाला बोलवा. वास नसताना सांध्यांवर अधूनमधून साबणाचा फेस लावून बघावा, बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून बघणारे अजूनही आहेत. त्यांना स्वयंपाकघराबाहेर काढा.