'कॉर्नवॉलिस'चे अर्धे चरित्र

मुंबईच्या गोदीतील जुन्या जहाजांचा विषय निघाला की आपल्याकडे एक ठरलेले वाक्य येते : आपल्या सागवानाने इंग्लंडच्या ओकला मागे टाकले. वाक्य खोटे नाही. जमशेटजी बोमनजी वाडियांच्या देखरेखीखाली बांधलेली, १८१३ साली पाण्यात उतरलेली ७४ तोफांची 'कॉर्नवॉलिस' ही शिडाची युद्धनौका त्याचा भक्कम पुरावा आहे. १८५५ पर्यंत तिच्या पोटात वाफेचे इंजिन बसवून पाण्याखाली पंखा जोडण्यात आला आणि त्याच वर्षी ती रशियाविरुद्धच्या बाल्टिक मोहिमेवर गेली. १८६५ पासून इंग्लंडमधील शीअरनेस येथे तिचा धक्का म्हणून वापर झाला. मोडीत निघाली ती १९५७ मध्ये. शिडावर ४२ वर्षे, वाफेवर १० आणि धक्का म्हणून तब्बल ९२!

परंतु टिकाऊपणा म्हणजे चरित्र नव्हे. २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगच्या तहावर सह्या झाल्या त्या याच जहाजावर. पराभूत चीनने हाँगकाँग बेट ब्रिटनला दिले, पाच बंदरे उघडली, २ कोटी १० लाख डॉलर मोजण्याचे कबूल केले. ज्या अफूच्या व्यापारावरून हे युद्ध पेटले, त्यातील माळव्याची अफू मुंबई बंदरातूनच चीनला जात असे. जहाज इथले आणि मालही इथला. आपल्या गौरवपर लेखनातून नेमके हेच पान गळते.

यावर कोणी म्हणेल, वाडियांनी जहाज बांधले, युद्ध पुकारले नाही. मान्य. प्रश्न दोषारोपाचा नाही, पूर्ण नोंदीचा आहे. चरित्र आणि गौरवग्रंथ यांतील भेद आपण साहित्याच्या वर्गात शिकवतोच; स्थानिक इतिहासाकडे वळताच तो का विसरावा?

उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातील आमच्या विद्यार्थ्यांना तर हा प्रश्न सहज कळावा. अंबरनाथला आयुध निर्माणी आहे, भोवती कारखाने आहेत. घडवणाऱ्याच्या हातून सुटलेली वस्तू पुढे कुठे जाते, हा तिथला रोजचाच विषय. त्यांच्यापैकी कोणी गोदीवर प्रकल्प लिहील, तेव्हा अध्यापकाने इतकाच आग्रह धरावा, की १८१३ आणि १८४२ या दोन्ही नोंदी एकाच पानावर याव्यात.