घोड्यावरचा तुर्क चालतो, झोपडीतला का नको?

आमच्या समाजाला तुर्कस्तान फार आवडते. 'एर्तुग्रुल' ही मालिका तिकडे २०१४ ते २०१९ या काळात चालली. २०२० च्या रमजानपासून ती उर्दूत आली आणि धाराशिवपासून परंड्यापर्यंत आमच्या घराघरांत मोबाइलवर तलवारी खणखणू लागल्या. पाच वक्त नमाजी बुजुर्ग पाहत होते, घरातल्या बाया पाहत होत्या. शाळा उघडल्यावर पोरांच्या वह्यांवर त्या टोळीचे चिन्ह दिसू लागले. कुणालाही त्यात काही वावगे वाटले नाही. आम्हालाही त्या मालिकेचे वावडे नाही. पण त्याच तुर्कांचे एक नाटक गॅदरिंगला करू या, असे आम्ही काही उर्दू शिक्षकांनी म्हटले, तेव्हा एकाएकी सगळ्यांना शरियत आठवली. "सर, अपने लोगां नाटक-बिटक नै करते."

बी.एड.ला आम्हाला नाट्यीकरण पद्धत शिकवली होती. पाठ टाचणात ती लिहिली की गुण मिळतात. वर्गाबाहेर काढली की मात्र फितना होतो!

नाटक कोणते, तेही सांगतो. हाल्दुन तानेर (१९१५-१९८६) यांचे 'केशानच्या अलीची दास्तान'. १९६४ साली ते प्रथम रंगमंचावर आले. त्याचा इंग्रजी अनुवादही आहे. अनातोलियाच्या खेड्यांतून पोटासाठी शहरात आलेल्या लोकांनी रातोरात उभारलेल्या झोपड्यांना तुर्कीत 'गेजेकोंदू' म्हणतात, म्हणजे रात्रीत वसलेले. अशाच एका वस्तीत हे नाटक घडते. वस्तीचे नावच माश्यांचा डोंगर. तिथला एक दादा मारला जातो आणि न केलेल्या त्या खुनासाठी अली तुरुंगात जातो. वस्तीला मात्र वाटते, खून यानेच केला. म्हणून तो त्यांचा हिरो होतो. सुटून आल्यावर त्याला निवडून देतात, त्याच्यावर गाणी रचतात. खरे सांगावे तर हिरोपण जाते, दडवावे तर झिलहा जाते. त्याचे जिच्यावर प्रेम आहे, ती झिलहा मेलेल्या दादाची भाची आहे.

आता हे तुर्कस्तानचे झाले की आपल्याकडचे? आपल्या जिल्ह्यात पाऊस बेभरवशाचा, कारखानदारी नावापुरती. भूम, कळंब, उमरग्याची पोरे बारावी किंवा आयटीआय करून पुण्याची गाडी धरतात. चाकणला, भोसरीला एका खोलीत सहा-सहा जण राहतात, कंत्राटावर काम करतात, कंत्राट संपले की परत चौकात येऊन बसतात. आणि चौकात काय असते? फ्लेक्स. त्यावर गॉगल लावलेला कुणी 'भाई'. त्याच्यावर एखादी केस असली तर शुभेच्छुकांची यादी आणखी लांब होते. केस खरी की खोटी, हे कुणी विचारत नाही. आमच्या वर्गातला हुशार मुलगा त्या यादीत आपले नाव कुठे छापले ते शोधत असतो. त्याला एर्तुग्रुलच्या घोड्यावर बसवून काय मिळणार? त्याने अलीला पाहिले पाहिजे. खरे तर अलीचे काम त्यानेच करून पाहिले पाहिजे.

दुसरा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लोक म्हणतात, आधीच आपली बदनामी कमी आहे का, त्यात गुंड आणि झोपडपट्टी आपणच का दाखवायची? आम्हाला ही भीती कळते. पण बदनामी कशाने होते? मराठी नाटकसिनेमात आपला माणूस बहुधा खाँसाहेब, पानवाला, कसाई, नाहीतर अतिरेकी असतो. नायकाला रक्त देणारा सलीम ही त्यातली बढती! तानेर यांच्या वस्तीत मात्र गुंड मुसलमान, पोलीस मुसलमान, पुढारी मुसलमान आणि प्रेम करणारी मुलगीही मुसलमान. त्यामुळे कुणालाच 'मुसलमान' म्हणून उभे राहावे लागत नाही. माणूस म्हणून लबाडी करता येते, घाबरता येते. ही मुभा आमच्या पोरांना मराठी रंगमंचाने कधी दिली?

मराठीत असे नाटक नाही का, असे विचारले जाईल. आहे ना. जयंत पवारांचे 'अधांतर' (१९९७) गिरण्या बंद पडल्यावर घरात कुजणाऱ्या मुलांचेच आहे. तेही करावे. शफाअत खान यांच्यासारखा नाटककार मराठीत आहे, त्यांची 'शोभायात्रा' आमच्यातल्या किती जणांनी वाचली? २०१७ साली ९७ वे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन आमच्याच गावात, तेव्हाच्या उस्मानाबादेत भरले. मोहल्ल्यातून तिकडे किती पावले वळली, ज्याने त्याने आठवून पाहावे. संमेलनवाल्यांनाही विचारायला हवे की, निमंत्रण घेऊन मोहल्ल्यात कोण आले होते? दोन्हीकडून दार लोटलेले, आणि दोघेही म्हणतात कडी त्यांनी लावली.

कलेशी आपले नाते नाही, हे तर साफ झूट आहे. इथून जवळच्या बार्शीत १९१६ साली जन्मलेल्या मेहबूब हुसेन पटेलाला अवघा महाराष्ट्र शाहीर अमर शेख म्हणून ओळखतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा आवाज मैदाने भरून टाकी. आज आपण त्यांची जयंती दुसऱ्यांना करायला सोडली आहे.

नाटक कोणत्या भाषेत करायचे, यावरही वाद झाला. उर्दूत करा, म्हणजे जबान टिकेल, असे काहींचे म्हणणे. आम्ही पोटापाण्याने उर्दूचे चाकर आहोत, तरी सांगतो, हे मराठीत करा. पोरे घरात बोलतात ती दख्खनी अलीच्या आणि झिलहाच्या तोंडी राहू द्या. पोलीस, पुढारी, मुकादम मराठी बोलू देत. रोज घडते ते असेच घडते. तहसीलमध्ये अर्ज कुणी शुद्ध उर्दूत देत नाही.

परवानगी तानेर यांच्या वारसांकडून रीतसर मागावी लागेल, तेही काम आम्ही करू. तालमीसाठी शाळा मिळत नसेल तर उरुसात कव्वालीचा मांडव पडतो, तो एक रात्र जास्त ठेवा. आणि झिलहाचे काम मुलगीच करील. १९६४ साली ते गुलरिझ सुरुरी या बाईनेच केले होते. मुलाला ओढणी गुंडाळून आम्ही उभे करणार नाही. ज्यांना काळजी आहे त्या अम्मी, खाला, फुफींनी रोज तालमीला येऊन बसावे. सतरंजी आम्ही टाकू.