दर्याची विद्या कोणाची?

यंदाच्या स्मरणिकेचे संपादकीय कोणत्या विषयावर लिहावे, याचा विचार चालू असतानाच कोकणातील एका तरुणाचे पत्र आमच्या हाती आले. मुलगा बौद्धवाडीतला, पदवीधर, खाडीकाठी वाढलेला, पोहण्यात तरबेज. दोन हंगाम त्याने दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून काढले आहेत. त्याला मासेमारीचे व शिंपल्यांच्या शेतीचे रीतसर शिक्षण घ्यावयाचे आहे. प्रशिक्षणासाठी अर्ज करावा तर मच्छीमार संस्थेची शिफारस हवी. शिफारस हवी तर संस्थेत ओळख हवी. आणि सभासद होण्यास गेला तेव्हा "हा तुमचा धंदा नव्हे" असे ऐकून तो परत आला. ग्लासगोमध्ये हे शिकावयास किती खर्च येतो, एवढेच त्याने आम्हांस विचारले होते.

उत्तर लिहावयास बसलो आणि आमची आम्हांसच लाज वाटली. क्लाइड नदीच्या काठी आम्ही इतकी वर्षे राहिलो. आमच्यात डॉक्टर आहेत, अभियंते आहेत, संगणकावर काम करणारे आहेत, विद्यापीठांत शिकणारी मुले आहेत. परंतु हीच नदी ज्या समुद्राला मिळते त्यावर येथील माणूस पोट कसे भरतो, ती विद्या कोठे मिळते, याची चौकशी आमच्यापैकी एकानेही केलेली नव्हती. दुकानातून मासळी आणावी, कोकणची आठवण काढावी, एवढाच आमचा दर्याशी संबंध. ती चौकशी आम्ही आता केली.

या देशात व्यापारी मासेमारीत नव्याने येणाऱ्या माणसाने पहिल्या सफरीपूर्वी समुद्रात जीव वाचविण्याचे एक दिवसाचे शिक्षण घेतलेच पाहिजे. आग विझविणे, प्रथमोपचार व कामावरील सुरक्षितता यांचे पाठ त्यानंतर तीन महिन्यांच्या आत पुरे करावे लागतात. 'सीफिश' या १९८१ साली स्थापन झालेल्या संस्थेने आखलेला, तीन आठवड्यांचा प्रवेशाचा अभ्यासक्रमही आहे. शेटलंड बेटांवर स्कॅलोवे येथे १९९२ साली मत्स्यव्यवसायाचे स्वतंत्र महाविद्यालय निघाले. ते आज विद्यापीठाचा भाग आहे. ग्लासगोहून तासाभराच्या अंतरावर स्टर्लिंग येथे जलशेतीचे शिक्षण देणारी नामवंत संस्था आहे. या वर्गांच्या दारात उमेदवाराला त्याचा बाप कोणता धंदा करीत होता, हे विचारले जात नाही.

लॉख फाइनची गोष्ट या संदर्भात सांगण्यासारखी आहे. ग्लासगोहून निघून डोंगरातील घाट ओलांडला की हे समुद्राचे लांबट पाणी लागते. तेथे १९७८ साली जॉनी नोबल हा जमीनदार आणि अँड्र्यू लेन हा मत्स्यशास्त्र जाणणारा गृहस्थ, अशा दोघांनी कालवांची शेती आरंभिली. त्या पाण्यावर पिढीजात हक्क सांगणारे कोळी ते नव्हते. नोबल यांच्या निधनानंतर २००३ साली ती कंपनी तेथील कामगारांच्या मालकीची झाली व २०१२ साली विकली जाईपर्यंत तशीच राहिली. कालवे धुणारा व खोकी भरणारा कामगार आपल्या कारखान्याचा मालक झाला, हे आमच्या वाचकांस आवडेल यात शंका नाही.

एवढ्यावर थांबलो तर मात्र आम्ही या देशाची खोटी स्तुती केली असे होईल. ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री, आमच्या दक्षिणेस असलेल्या इंग्लंडच्या मोरकॅम्ब उपसागरात वाळूतून शिंपले वेचणारे २३ चिनी मजूर भरतीच्या पाण्यात बुडून मेले. चीनच्या फूजियान प्रांतातून आलेली ही माणसे. त्यांना तेथील भरती कशी येते ठाऊक नव्हते, आणि ती पाठीमागून वाट अडवते हे सांगणारे कोणी नव्हते. त्यांच्या मुकादमास २००६ साली शिक्षा झाली. त्याआधी २००४ सालीच मजूर पुरविणाऱ्या मुकादमांना परवाना सक्तीचा करणारा कायदा संमत झाला, आणि शिंपले वेचण्याचे काम त्या कायद्याच्या कक्षेत घेण्यात आले. ज्या विद्येचा वर्ग गावोगाव उघडा होता, ती या २३ जणांना शिकविण्याची गरज त्यांच्या मुकादमास वाटली नव्हती.

स्कॉटलंडच्या मोठ्या बोटींवर फिलिपाइन्स, घाना, श्रीलंका व आपल्या भारतातूनही खलाशी येतात. पुष्कळांना अनेक वर्षे 'ट्रान्झिट' व्हिसावर आणले गेले. कागदोपत्री ते बारा मैलांपलीकडे काम करणारे, म्हणून किनाऱ्यावर घर करून राहण्याचा हक्क त्यांना नाही; बोट बंदरात असली तरी त्यांचा मुक्काम बोटीवरच. नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या राइट्स लॅबने २०२२ साली अशा कामगारांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत ६० टक्के जणांनी किमान सोळा तासांची पाळी करावी लागत असल्याचे सांगितले. एकेकाळी येथील कंपन्यांच्या बोटींवर आशियातील खलाशी 'लास्कर' म्हणून गोऱ्या खलाशाच्या वेतनाच्या अंशावर राबत. त्याची आठवण ही पाहणी वाचताना आम्हांस झाली.

आता कोकणाकडे वळू. रत्नागिरीच्या बंदरात उभ्या असलेल्या यांत्रिक बोटींवर नेपाळी खलाशी दिसतात, उत्तरेकडील राज्यांतून आलेले दिसतात. त्यांची जात नाखवा विचारीत नाही, त्यांना समुद्राचा अनुभव आहे की नाही हेही फारसे विचारीत नाही. परंतु शासनाच्या मत्स्यव्यवसाय प्रशिक्षणाच्या जाहिराती पाहाव्यात. वर्सोवा येथील सहा महिन्यांच्या सत्रांत मासेमारी, नौकानयन, डिझेल इंजिनाची देखभाल असे उत्तम विषय शिकविले जातात. अटींत मात्र उमेदवार क्रियाशील मच्छीमार असावा, त्यास दोन वर्षांचा अनुभव असावा व मच्छीमार संस्थेची शिफारस असावी, असे लिहिलेले असते. मजूर म्हणून जाळे ओढावयास दार सताड उघडे आणि तांडेल होण्याची विद्या शिकावयास शिफारसपत्र, असा हा प्रकार आहे. स्कॉटलंडात तो व्हिसाने साधला जातो, आपल्याकडे संस्थेच्या शिक्क्याने.

जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये दाखवून दिले. ते तेवढेच म्हणून थांबले नाहीत. एक धंदा बुडाला तर माणसाने दुसरा धरावा, यास जात आडवी येते आणि त्यातून बेकारी जन्मते, हा त्यांचा अर्थशास्त्रज्ञाचा मुद्दा आपल्या व्याख्यानांत फारसा येत नाही. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी आपण पाणी प्यालो. त्या महाडजवळून वाहणारी सावित्री बाणकोटला समुद्रास मिळते. त्या खाडीच्या पाण्यावर आपले किती संसार चालतात, हा प्रश्न अजून कोणी मोठ्याने विचारलेला नाही.

येथे कोळी बांधवांविषयी एक शब्द लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते. ही अट त्यांच्या दुष्टपणातून आलेली नाही. भांडवलवाल्यांनी मच्छीमाराच्या नावावर सवलती लाटू नयेत म्हणून तिचा उपयोग झाला आहे. पर्ससीन जाळ्यांविरुद्ध लहान मच्छीमारांनी दिलेला लढा न्याय्य होता. २०१६ च्या फेब्रुवारीत शासनास त्या जाळ्यांवर निर्बंध घालावे लागले. समुद्रात मासळी घटते आहे आणि बोटी जास्त झाल्या आहेत. आणखी हजार बोटी सोडा, अशी मागणी आम्ही करणार नाही. ती आपल्याइतक्याच गरिबाच्या ताटातील घास काढणारी ठरेल.

शिंपल्यांच्या शेतीची गोष्ट निराळी आहे. शिणाण्यांना खाद्य घालावे लागत नाही. पाण्यातील सूक्ष्म वनस्पती गाळून ती वाढतात. शिणाण्यांचे बी दोराभोवती ठेवून वर सुती जाळीचे कापड शिवतात. काही दिवसांत कापड कुजून जाते, तोवर शिणाण्यांनी आपल्या तंतूंनी दोर घट्ट धरलेला असतो. स्कॉटलंडच्या थंड पाण्यात पीक निघावयास दोन ते तीन वर्षे लागतात. आपल्या उबदार खाडीत पाच-सहा महिने पुरतात. केरळात कासारगोडच्या खाड्यांत केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने हे तंत्र दिले आणि १९९० नंतरच्या दशकापासून बायकांच्या गटांनी ते हाती घेतले. या धंद्यास अजून जात चिकटलेली नाही. ओहोटीला खाडीत शिंपले वेचणाऱ्या बायकांचा हक्क आधी मानावा, जागा ठरविताना त्यांना विचारावे, आणि मग जो शिकू इच्छितो त्याला शिकू द्यावे. आज हे झाले नाही तर दहा वर्षांनी या धंद्यासही संस्था, शिक्के व शिफारसपत्रे येतील.

शिकण्यासारखे पुष्कळ आहे. शिंपला पाणी गाळतो, त्याबरोबर पाण्यातील घाणही साठवतो. येथे शिंपल्यांच्या पाण्याची जंतूंच्या प्रमाणावरून अ, ब, क अशी प्रतवारी होते. 'ब' प्रतीच्या पाण्यातील माल स्वच्छ पाण्यात ठेवून शुद्ध केल्यावाचून विकता येत नाही. सावित्री व वाशिष्ठीच्या परिसरात रासायनिक कारखाने आहेत. म्हणून दोर बांधण्याआधी पाणी तपासावयास शिकणे भाग आहे.

काही वाचक विचारतील, बौद्धांनी हा हिंसेचा धंदा का करावा? आमच्या घरांत सुकट-बोंबील शिजत असताना हा प्रश्न धंद्यापुरताच का निघतो, हे आम्हांस कळत नाही. गरजेपोटी मारणे आणि मारण्याच्या इच्छेने मारणे यांत बाबासाहेबांनी आपल्या धम्मग्रंथात फरक केला आहे. ज्यांना तरीही रुचत नाही त्यांच्या मताचा आम्ही आदर करतो.

पैशाची सोय अगदीच नाही असे नाही. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत इतरांस प्रकल्पखर्चाच्या ४० टक्के, तर अनुसूचित जाती-जमाती व महिलांस ६० टक्के साहाय्य ठरविण्यात आले. १९९० च्या दुरुस्तीमुळे बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती लागू आहेत. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायास शेतीचा दर्जा दिला. परंतु साहाय्य मागावयास धंदा ठाऊक असावा लागतो, आणि गाडे तेथेच अडते.

त्या तरुणास आम्ही अखेर असे लिहिले, की ग्लासगोला येऊ नकोस. येथील फी भरण्याच्या पैशांत तुझ्यासारखे अनेक जण कासारगोडला राहून, कारवारच्या संशोधन केंद्रात विचारपूस करून शिकतील. आणि येथील थंड पाण्याचे गणित तुझ्या खाडीला लागू पडणार नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २३ नुसार पात्र माणसास पुरेशा कारणावाचून सभासदत्व नाकारता येत नाही, नाकारल्यास निबंधकाकडे दाद मागता येते, हेही कळविले. तोंडी विचारू नकोस, लेखी अर्ज कर, अशी सूचना दिली.

दरवर्षी कोकणातील दोन मुलामुलींच्या अशा शिक्षणाचा प्रवास व राहण्याचा खर्च आपल्या संघटनेने उचलावा, असा ठराव आम्ही येत्या वार्षिक सभेपुढे ठेवीत आहोत. त्यांतील एक मुलगी असावी, असा आमचा आग्रह राहील. सभासदांनी वर्गणीचा आकडा घरी ठरवूनच सभेस यावे.

स्मरणिका छापखान्यात जात असताना त्या मुलाचे दुसरे पत्र आले. त्याने संस्थेकडे लेखी अर्ज दिला आहे, आणि पोच सही-शिक्क्यानिशी घेतली आहे.