चटणी-कोशिंबिरीला चळवळीत जागा नाही म्हणणाऱ्यांना

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या विहारात महिलांसाठी एक छोटं सत्र घेतलं. विषय साधा होता: रोजच्या जेवणात घरच्या घरी करता येणारी सोपी तोंडीलावणी. जवसाची चटणी, मेथीचा घोळाणा, मोडाच्या मटकीची कोशिंबीर, सुकट. वीस-बावीस जणी आल्या, दोन तास बसल्या. त्याची सूचना ग्रुपवर टाकली होती, तेव्हा एका कार्यकर्त्या भावाने लिहिलं, "ताई, शिष्यवृत्त्या अडकल्यात, पोरांवर केसेस पडल्यात, आरक्षणाची वाट लावायचं चाललंय आणि तुम्ही चटण्या वाटताय?" त्याखाली अकरा अंगठे आले. त्या अकरा जणांपैकी कितींनी आयुष्यात एकदा तरी चटणी वाटली असेल, याचा मला बरा अंदाज आहे, कारण त्यातल्या निम्म्यांच्या घरी मी जेवले आहे.

भावाला तिथं उत्तर दिलं नाही. ग्रुपवर भांडण लांबतं आणि मुद्दा हरवतो. म्हणून इथं सविस्तर लिहितेय.

पहिली गोष्ट. जेवणाचं ताट हा चळवळीचा विषय नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं? बाबासाहेबांनी तर सांगितलेलं नाही. ‘जातिनिर्मूलन’ पुन्हा उघडा. त्यात जयपूर संस्थानातल्या चकवारा गावची घटना आहे, १९३६ सालची. यात्रा करून आलेल्या एका अस्पृश्य माणसाने आपल्याच लोकांना जेवण दिलं आणि पंगतीत तूप वाढलं. शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन धावून आले, अन्नाची नासाडी केली आणि जेवणाऱ्यांना मारलं. तूप त्या माणसाच्या स्वतःच्या पैशांचं होतं, पाहुणे त्याचेच होते, कुणा सवर्णाच्या ताटाला हातही लागला नव्हता. गुन्हा एवढाच की तूप ही वरच्यांच्या मानाची वस्तू आणि ती यांच्या ताटात दिसली. बाबासाहेबांनी ही घटना विहिरी, शाळा आणि कपड्यांवरच्या बंदीच्या घटनांसोबत पुरावा म्हणून मांडली. ताटात काय असावं हे जात ठरवते, हे त्यांना कळत होतं. आपल्याला ते अजून ‘बायकांचं काम’ वाटतं.

आता ‘तोंडी लावणं’ या शब्दाकडे या. पानाची डावी बाजू आणि उजवी बाजू असा एक हिशेब असतो. मध्ये वरणभात, उजवीकडे भाज्या, आमटी, डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. डावीकडचं थोडं थोडं, चवीपुरतं, बोटाने उचलून तोंडी लावायचं. शाळेच्या पुस्तकापासून लग्नाच्या पत्रावळीपर्यंत ‘महाराष्ट्रीय ताट’ म्हणून हेच दाखवलं गेलं. मला या ताटाचा राग नाही. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ माझ्याही घरात आहे. १९७० सालचं पुस्तक, वाटीच्या मापाने किती मुलींना स्वयंपाक शिकवला त्याने. प्रश्न असा की एका घरातल्या जेवणाला ‘मराठी जेवण’ म्हटलं गेलं आणि बाकीच्यांच्या जेवणाला नावच राहिलं नाही.

कारण आमच्याकडे डावी-उजवी नव्हती. ताटलीत भाकरी आणि भाकरीवर जे असेल ते. मिरचीचा ठेचा हे तोंडी लावणं नव्हतं, ते कोरड्यास होतं, म्हणजे तेच जेवण. माझी आजी दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. फडक्यात दोन भाकरी, त्यावर ठेचा किंवा लाल चटणी, आणि रानात गेल्यावर बांधावरची चिघळ उपटायची, झटकायची, तशीच कच्ची भाकरीबरोबर खायची. कांदा मिळाला तर बुक्कीने फोडून. पोषणतज्ज्ञ ज्याला आज सॅलड म्हणतात ते तिने आयुष्यभर खाल्लं, पण त्यावर तिचं नाव कुणी लिहिलं नाही.

लिहायला सुरुवात झाली तीही उशिरा. २००९ साली पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दलितांच्या अन्नाच्या आठवणी आणि इतिहास यावर काम केलं, आणि ‘ही थाळी भारतीय नाही का’ हा प्रश्न विचारला. २०१५ साली शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ आलं. नावातल्या एका ‘अ’ने सगळं काम केलं आहे. एमएला असताना मी अन्नाच्या समाजशास्त्रावर परदेशी लेखकांचे उतारे पाठ केले होते. माझ्या घरातली रक्ती, वजडी, चान्या त्यात कुठंच नव्हत्या आणि मीही वर्गात त्यांचं नाव काढलं नव्हतं. लाज वाटायची, खरं सांगते.

इथं कुणीतरी म्हणेल, बाबासाहेबांनीच तर ते सोडायला सांगितलं. हा गैरसमज नीट सोडवायला हवा. १९२७ साली महाडला त्यांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा, उष्ट्या-शिळ्या तुकड्यांसाठी हात पसरू नका, असं सांगितलं. सोडायचं काय होतं? गावकीने लादलेलं काम आणि त्या कामाचा मोबदला म्हणून अंगावर टाकलेलं अन्न. तो गुलामीला दिलेला नकार होता. मांसाहार अपवित्र आहे, असं त्यात कुठं आहे? आणि बांधावरची चिघळ, पाट्यावरची जवसाची चटणी, सुकट, हरभऱ्याचा पाला, हे सोडायला कुणी सांगितलं होतं? ते आपण आपल्याच लाजेने सोडलं.

काय धरलं ते जयंतीच्या मंडपात बघा. मी सलग सहा वर्षं आमच्या भागातल्या जयंतीच्या जेवणाची यादी बघतेय. पनीरची लाल भाजी, मैद्याची पोळी, जिरा राईस, गुलाबजाम, आणि सॅलडच्या नावाने काकडीच्या चार चकत्या ज्या दुपारपासून कापून ठेवलेल्या असतात. सहाही वर्षं शाकाहारी, कारण "सगळ्यांना चालावं". ‘सगळ्यांना’ म्हणजे कुणाला, हे कुणी विचारत नाही. काही विहारांत तर आता बौद्ध म्हणजे शाकाहारी असं मुलांना शिकवतात. मज्झिम निकायातलं जीवक सुत्त वाचा. भिक्खूसाठी मुद्दाम मारलेलं आहे असं पाहिलं, ऐकलं किंवा तशी शंका आली तर ते मांस घ्यायचं नाही, एरवी घ्यायला हरकत नाही, असं तिथं सांगितलं आहे. आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. अहिंसा हे त्यांच्या दृष्टीने तत्त्व होतं, स्वयंपाकघरावर लावलेला नियम नव्हे. ज्यांना शाकाहार करायचा त्यांनी जरूर करावा. धम्माच्या नावाने दुसऱ्याच्या ताटावर पहारा करू नये.

बाहेर तर पहारा आहेच. २०१५ साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला आणि वस्तीतलं सगळ्यात स्वस्त ताकदीचं अन्न गेलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेतल्या मुलांना आठवड्याला एक अंडं द्यायचा निर्णय झाला, तर जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचे पैसेच बंद केले, शाळांनी हवं तर लोकवर्गणी काढावी म्हणे. यावर त्या अकरा अंगठ्यांपैकी किती जणांनी निवेदन दिलं? मी दोन ठिकाणी गेले होते. माझ्यासोबत तीन बाया होत्या.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी सत्र घेतलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी निघालं. आधीच्या फेरीत ते प्रमाण ४८ टक्के होतं. म्हणजे वाढलं. हा आकडा सगळ्या जातींचा आहे. आपल्या वस्तीतल्या बाया पाच घरची धुणीभांडी करून येतात, सगळ्यांना वाढतात आणि शेवटी बसतात. तोवर कालवणातले तुकडे संपलेले असतात. तिच्या वाट्याला रस्सा, भाकरी आणि चटणी. म्हणजे माझ्या आजीचं जे कोरड्यास होतं तेच हिचं आहे, फक्त आजीला बांधावरचा पाला मिळत होता, हिला तोही नाही. भाऊ, तुमच्या घरात चटणी तोंडी लावायला असते, पण ती वाढणाऱ्या बाईचं ते जेवण असतं. त्या चटणीत काय आहे, याला म्हणून मी महत्त्व देते.

नुसत्या लाल तिखटाच्या आणि मिठाच्या चटणीत काही नाही. तीच जवसाची, कारळाची, तिळाची, शेंगदाण्याची असेल तर प्रथिनं, चांगली चरबी, लोह, कॅल्शियम असं काहीतरी पोटात जातं. जवस कोरडे भाजायचे, तडतडले की उतरवायचे, गार झाल्यावर लसूण, जिरं, तिखट, मीठ घालून जाडसर कुटायचे. दहा मिनिटांचं काम, आठवडाभर टिकतं. मेथीच्या घोळाण्याला तर गॅसही लागत नाही. कोवळी मेथी धुऊन निथळायची, बारीक चिरायची, त्यात कांद्याची पात, दाण्याचं कूट, तिखट, मीठ आणि वरून कच्चं तेल. हिवाळ्यात हरभऱ्याचा कोवळा पाला मिळाला तर त्याचाही असाच करता येतो. आमच्या सत्रात यात लिंबू पिळायचं की नाही यावर वाद झाला. मराठवाड्यातल्या दोघी म्हणाल्या, आमच्याकडे असं काही नसतं. मी म्हटलं पिळा, कारण पालेभाजीतलं आणि कडधान्यातलं लोह अंगी लागायला लिंबाची मदत होते. आणि जेवल्यावर लगेच चहा नको, तो नेमकं उलटं करतो. हे ऐकून मात्र सगळ्याच नाराज झाल्या.

सुकटीवर सगळ्यात जास्त वेळ गेला. भाजून, डोकी-काड्या पाखडून, कांद्यावर परतायची, चिंचेचं किंवा आमसुलाचं बोटभर आंबट. डाळीपेक्षा कितीतरी जास्त प्रथिनं आणि मूठभर पुरते. पण एकीने विचारलं, भाड्याच्या घरात वास गेला तर मालकीण खोली खाली करायला लावते, मग काय करू? माझ्याकडे याला कृती नव्हती. शहरात घर शोधताना ‘नॉनव्हेज खाता का’ हा प्रश्न आडनावाऐवजी विचारला जातो, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. तिने त्या दिवशी सुकट विहारात भाजली आणि डब्यात भरून घरी नेली. विहाराचा इतका चांगला उपयोग मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

चटणीने ॲनिमिया बरा होतो असं मी म्हणत नाही. गोळ्या घ्याव्या लागतात, तपासणी करावी लागते, आरोग्य केंद्रात गोळ्या नसतील तर भांडावं लागतं, आणि मुळात मजुरी वाढावी लागते. पण ‘आधी क्रांती, मग चटणी’ हा हिशेब ज्यांना वाढून मिळतं तेच करू शकतात.

एक गंमत सांगायची राहिली. ज्या पाल्याची आपल्याला लाज वाटते त्याचे आता रानभाजी महोत्सव भरतात. कुर्डू, टाकळा, घोळ, आघाडा टोपलीत मांडतात, फोटो निघतात. मोठ्या दुकानात जवसाचं पाकीट इंग्रजी नावाने मिळतं, किंमत बघून मी परत ठेवलं. भाजी खुडून आणणाऱ्या आदिवासी बाईला विक्रीसाठी जागा मिळाली तर मला आनंदच आहे. पण दुष्काळात हाच पाला खाऊन जगलेल्यांना जे हिणवत होते, त्यांनी आता आम्हाला त्याचे फायदे समजावून सांगावेत, हे जरा जास्त होतं.

आपण मात्र तेव्हा हिणवलं म्हणून सोडलं आणि आता महाग म्हणून घेत नाही. वस्तीतल्या तरुण मुलांच्या हातात संध्याकाळी दहा रुपयांचं तेलकट पाकीट असतं. तेवढ्यात मूठभर मटकी येते. भिजवायची, फडक्यात बांधायची, दुसऱ्या दिवशी कांदा-लिंबू टाकून खायची. याला आईची गरज नाही, बायकोची तर अजिबात नाही.

म्हणून पुढचं सत्र पुरुषांसाठी ठेवलं आहे. येत्या रविवारी, वंदना झाल्यावर. ग्रुपवरच्या त्या भावाला मी वैयक्तिक फोन करून बोलावलं आणि जवस भाजायचं काम त्याच्याकडे दिलं आहे. तो "बघतो" म्हणाला. अकराही जण आलात तर शिष्यवृत्तीच्या अर्जांचं आणि अंड्याच्या निवेदनाचं काम तिथंच बसून करू. येताना ज्याच्या घरी असेल त्याने खलबत्ता आणावा, विहारातला मिक्सर जळाला आहे.

जयभीम.