दोनशे चौतीस पायजमे

ब्रिटनमधले विद्यापीठप्रवेश ‘यूकास’ ही संस्था हाताळते. २००७ साली तिने मेडिकल आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजसारख्या चढाओढीच्या जागांसाठी आलेले हजारो अर्ज संगणकावर ताडून पाहिले. अर्जासोबत प्रत्येकाने स्वतःविषयी लिहायचे असते. २३४ जणांनी लिहिले होते की आठव्या वर्षी रसायनांशी खेळताना आपल्या पायजम्याला जळून भोक पडले आणि तिथून विज्ञानाची गोडी लागली. आणखी १७५ जणांच्या निवेदनात एक आजारी किंवा थकलेले आजोबा होते. इंटरनेटवर नमुन्याखातर ठेवलेल्या निवेदनांतून ही उचलेगिरी झाली होती. पायजमा मुळात एकाच कुणाचा तरी होता.

वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचा एखादा घोटाळा बाहेर आला की आपल्याकडे एक सूर हमखास लागतो : अमेरिकेत बघा, तिथे नुसते गुण पाहत नाहीत, निबंध लिहायला लावतात, मुलाच्या आत डोकावतात. हे म्हणणारी माणसे चांगली असतात, हेतूही चांगला असतो. पण डोकावणे म्हणजे तिथे नेमके काय चालते, ते एकदा जवळून पाहायला हवे.

अमेरिकेतल्या बहुतेक मेडिकल कॉलेजांचा अर्ज एकाच ठिकाणी भरायचा असतो. त्यात ‘डॉक्टर का व्हायचे?’ याचे उत्तर रिकाम्या जागा धरून ५,३०० अक्षरांत द्यायचे. शिवाय आपले अनुभव मांडायचे, जास्तीत जास्त पंधरा. त्यातल्या तीन अनुभवांना ‘सर्वांत अर्थपूर्ण’ म्हणून जादा जागा. हे संपले की एकेक कॉलेज आपली वेगळी प्रश्नावली आणि वेगळी फी घेऊन येते. आमच्याच कॉलेजात का? कोणत्या संकटाला तोंड दिलेत? तुमच्या येण्याने आमच्या वर्गात काय वेगळी भर पडेल? पंधरा-वीस कॉलेजांना अर्ज करणे तिथे नेहमीचेच. त्यामुळे एका उन्हाळ्यात बावीस वर्षांचा मुलगा आपल्या आयुष्यातली तीच ती दोन संकटे पन्नास वेळा शब्दमर्यादेत बसवत असतो. मग हजारो डॉलर घेऊन ती बसवून देणारे सल्लागारही आलेच. अर्ज भरताना, लिहिलेले शेवटी माझेच आहे असे वचन द्यावे लागते. उजळणी-सुधारणेसाठी एआयची मदत मात्र चालते. ही रेघ कुठे संपते, ते अर्जदाराने स्वतःच ठरवायचे.

तेव्हा निबंधातून कळकळ दिसते हे म्हणणे टिकत नाही. दिसते ती तयारी. डॉक्टरामागे दवाखान्यात उभे राहून काम पाहिल्याचे तास अर्जात दाखवावे लागतात. ज्याचा मामा डॉक्टर आहे त्याचे ते तास सुट्टीत भरतात, जो कॉलेज सांभाळून दुकानात काम करतो त्याचे भरत नाहीत. न्यू जर्सीतल्या मराठी घरांनाही हे गणित उमगले आहे. उन्हाळ्यात भारतात आलेल्या नातवाला आजोळच्या गावातल्या आरोग्य शिबिरात दोन आठवडे उभे केले जाते, आणि शिबिरातल्या म्हाताऱ्या बाईचे सुरकुतलेले हात पुढे इंग्रजी परिच्छेदात अवतरतात. बाईला त्याची कल्पनाही नसते.

बरे, निवड समितीला तरी आतले दिसते का? टेक्सासमध्ये याची परीक्षा नकळत झाली. १९७९ साली ह्यूस्टनच्या सरकारी मेडिकल स्कूलने १५० विद्यार्थी निवडले आणि मग राज्याच्या विधिमंडळाने आणखी पन्नास घ्यायला सांगितले. तोवर वरच्या क्रमांकाची मुले इतरत्र गेली होती. उरली ती मुलाखतीनंतर यादीच्या तळाशी ढकललेली. तीच घेतली. पुढे पाहिले तर अभ्यासात, रुग्णांसोबतच्या कामात, अगदी पदवीनंतरच्या पहिल्या वर्षातही दोन्ही गटांत सांगण्यासारखा फरक नव्हता. अनुभवी प्राध्यापकांनी समोर बसवून केलेल्या पारखीची ही गत. घरी बसून, चारचौघांकडून तपासून आणलेल्या निबंधाची काय असणार? कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने असली आत्मनिवेदने सोडून घड्याळ लावून घ्यायची वेगळी परीक्षा आणली, ती उगाच नव्हे. यूकासने २०२६च्या प्रवेशांपासून एकसंध निवेदनाचे तीन प्रश्न केले, मर्यादा तीच, ४,००० अक्षरांची. भोक पडलेल्या पायजम्याला तीन ठिगळे.

इथवर वाचून ‘नीट’वाले खूश झाले असतील. त्यांचे म्हणणे असे की ७२० पैकी किती, एवढेच खरे. बाकी सगळी भोंदूगिरी, वशिल्याला दार. वशिल्याची भीती खोटी नाही. आपल्याकडे तोंडी परीक्षेचा आणि व्यवस्थापन कोट्याचा इतिहास पाहता कुणी मुलाखतीचे नाव काढले की पालकांच्या पोटात गोळा येतो, आणि तो यावाच. पण ‘नीट’ जे मोजते ते चोख मोजते असे मानले, तरी त्यातून एक गोष्ट हरवली आणि तिच्याबद्दल कुणी हळहळताना दिसत नाही. मुलाला कॉलेजची काही ओळख करून घ्यावी लागतच नाही. राज्याच्या प्रवेशफेरीत पसंतीक्रम भरताना घराघरांत काय होते? गेल्या वर्षीचा कटऑफ समोर ठेवायचा आणि वरून खाली उतरत जायचे. मुंबईचे जी. एस., पुण्याचे बी. जे., मग पुढची. चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार ही गावे त्या यादीत केवळ आकड्यांनी ओळखली जातात. तिथे कोण राहते, कशाने आजारी पडते, काय बोलते, हे प्रवेशाच्या एकाही कागदावर नसते.

हे कायम असे नव्हते. वर्ध्याजवळ सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. ‘नीट’ येईपर्यंत तिची स्वतःची प्रवेश परीक्षा होती आणि जीव-भौतिक-रसायनाबरोबर त्यात गांधीविचाराची प्रश्नपत्रिका असे. दिल्ली-पाटण्याची मुले मेडिकलसाठी गांधी वाचत. हसणारे हसतच, आणि त्यांचे चूकही नव्हते. गाइडे होती, घोकंपट्टी होती, अपरिग्रहावर फक्कड लिहून पुढे कॉर्पोरेट हॉस्पिटलात गेलेले थोडे नसतील. उत्तर वाचून गांधीवादी हुडकायचा हाच त्या प्रश्नपत्रिकेचा हेतू असेल, तर ती फसली म्हणावी लागेल.

मला तिचे मोल दुसरीकडे दिसते. ती प्रश्नपत्रिका म्हणजे कॉलेजने आपली अट आधीच उघड सांगणे होते. इथे खादी घालावी लागेल, पहिल्या वर्षी आश्रमात शिबिराला राहावे लागेल, दत्तक घेतलेल्या खेड्यात घरोघर फिरावे लागेल. पुढे तर, इथेच एम. डी. करायचे असेल तर आधी दोन वर्षे ग्रामीण सेवा, अशीही अट आली. मुलाने मनापासून लिहिले की पाठ करून, हा प्रश्न गौण होता. आपण कुठे चाललो आहोत, हे त्याला कळलेले असे, आणि प्रश्न विचारल्यामुळे कॉलेजही बांधले जाई. ज्या संस्थेने गांधींवर पेपर घेतला, तिला मुलांना खेड्यात न नेण्याची सोय उरत नाही.

फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजनेही १९७४पासून असाच मार्ग धरला. त्यांच्या ग्रामीण डॉक्टरांच्या योजनेत मुलगा खेड्यात वाढला आहे का आणि खेड्यात फॅमिली डॉक्टर व्हायची त्याची तयारी आहे का, हे पाहिले जाई.  त्या योजनेतली मुले इतरांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात खेड्यांत गेली आणि टिकली. पत्ता निबंधापेक्षा जास्त बोलला, आणि कॉलेजला काय हवे ते आधीच ठरलेले होते.

म्हणून माझे म्हणणे : प्रश्न विचारा, पण निवडीसाठी नको. ‘नीट’च्या गुणवत्ता यादीला हातही लावू नका. पसंतीक्रम भरायच्या आधी प्रत्येक सरकारी कॉलेजने आपला एक प्रश्न छापावा, आणि तो त्याच कॉलेजला शोभणारा असावा. नंदुरबारने विचारावे : धडगावच्या पाड्यावरून आलेली, पावरी बोलणारी बाई सिकलसेलच्या मुलाला घेऊन समोर बसली आहे, तुम्हाला तिचे अर्धेच कळते आहे. पहिल्या पाच मिनिटांत काय कराल, आणि तिची बोली शिकायला किती दिवस द्याल? प्रवेश घेणाऱ्याने पानभर उत्तर मराठीत, हिंदीत, कशातही, हाताने लिहावे. उत्तराला गुण नकोत. गुण ठेवले की महिन्याभरात लातुरात त्याची बॅच निघेल.

यावर म्हणतील, बंधपत्र आहेच की, एमबीबीएसनंतर वर्षभर सरकारी सेवा करायची असते. आहे. पण बंधपत्र शेवटी गळ्यात पडते, तोवर मुलाचे डोके पीजीच्या पुस्तकात असते. प्रश्न सुरुवातीला येतो आणि निदान एका संध्याकाळी घरात त्यावर बोलणे होते. काही आईबाप तो वाचून पसंतीक्रम बदलतील, कॉलेज खाली ढकलतील. ढकलू देत, नंदुरबारातच वाढलेल्या एखाद्या पोरीला ते वर घ्यावेसे वाटेल.

खर्च फारसा नाही. फक्त प्रवेश घेताना लिहिलेले ते पान इंटर्नशिपला त्याच विद्यार्थ्यासमोर ठेवून बोलायला कम्युनिटी मेडिसिनचा एखादा शिक्षक जागेवर असावा लागेल. नव्या कॉलेजांतल्या रिकाम्या पदांची परिस्थिती पाहता, प्रश्न छापण्याआधी सरकारला तेवढी भरती करावी लागेल.