उभ्या पिकाचा सौदा

थॉमस मान यांची 'बुडेनब्रूक्स' ही जर्मन कादंबरी वाचलेल्या माणसाशी बोलताना विषय बहुतेक वेळा हान्नोपाशी येऊन थांबतो. घराण्याच्या वहीत आपल्या नावाखाली दुहेरी रेघ ओढून टाकणारा आणि कोवळ्या वयात विषमज्वराने जाणारा हा मुलगा वाचकाला सोडत नाही. मग त्याची आत्या टोनी हिची मोडलेली लग्नं निघतात, आणि शेवटी ते मोठं घर प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेल्याची हळहळ. 'वाडा चिरेबंदी' या नाटकातल्या अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर पाहिलेल्या वैदर्भीय वाचकाला ही हळहळ ओळखीची आहे. ती खोटी नाही, पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यातल्या वाचकाने तिथेच थांबू नये असं मला वाटतं. चार पिढ्यांचं हे बुडेनब्रूक कुटुंब धान्याच्या व्यापाऱ्यांचं आहे, आणि आपल्याकडे धान्य कुणाच्या हातून पिकतं हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

कादंबरीतलं १८६८ साल पाहा. कर्जाने घेरलेल्या एका जमीनदाराचं उभं पीक हान्नोचा बाप थॉमस बुडेनब्रूक कापणीआधीच पडत्या भावाने विकत घेतो. पेढीच्या शताब्दीचा सोहळा रंगात असताना तार येते: गारपिटीने पीक झोपलं. मान हा प्रसंग थॉमसच्या चेहऱ्यावरून सांगतात, आणि अप्रतिम सांगतात. पण गारा पडल्या त्या शेतात राबणाऱ्यांचं त्या वर्षी काय झालं? त्याबद्दल एक ओळही नाही. १८४८च्या उठावात कामकरी रस्त्यावर येतात, तो प्रसंगही लेखक हसण्यावारी नेतो. त्या घराच्या खिडकीतून जेवढं दिसतं तेवढंच कादंबरीत येतं.

आपल्याकडच्या मालगुजारी तलावांचंही असंच आहे. त्यांची ओळख मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, नावाने. पण त्यांतले कितीतरी तलाव गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधले. जमिनीचा उतार ओळखून पाळ कुठे घालायची हे ज्ञान त्यांचं. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली. वाड्यांच्या पडझडीच्या कथा घरोघर सांगितल्या गेल्या. तलावांत गाळ साचत गेला आणि खालच्या बांध्यांना पाणी पुरेनासं झालं, ती पडझड मात्र कुठल्याही घराण्याची नव्हती, म्हणून तिची कथा झाली नाही. नावाआड हात झाकले जातात, ते असे.

यावर कुणी म्हणेल की १९०१ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत मान यांनी जे घर आतून पाहिलं होतं त्याच्याविषयी लिहिलं. न पाहिलेल्या शेताचा हिशेब त्यांच्याकडे का मागायचा? मान्य आहे. मी तो लेखकाकडे मागत नाही, वाचकाकडे मागतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. बुडेनब्रूकांची पडझड मनाची आहे, गारपिटीने पेढी बुडत नाही, थॉमस त्याच्या कितीतरी आधीपासून आतून थकलेला आहे, मग त्या सौद्याला एवढं महत्त्व कशाला? पण सौद्याआधी थॉमस का घुटमळतो ते पुन्हा वाचावं. रात्रीची झोप उडवील असा धंदा करू नये, ही या घराण्याची जुनी शिकवण. अडलेल्या माणसाचं पीक स्वस्तात घ्यावं की नाही, हाच त्याच्यापुढचा पेच आहे. मनाची पडझड आणि ते शेत ही दोन वेगळी प्रकरणं नाहीत. त्याचं मन खचतं त्याच्या मुळाशी हा व्यवहारही आहे, आणि हे मान यांनीच लिहून ठेवलं आहे.

म्हणून ब्रह्मपुरीच्या किंवा देसाईगंजच्या वाचकाने ही कादंबरी परक्या शहरातल्या श्रीमंतांची कहाणी म्हणून बाजूला ठेवू नये. धान कापणीला येण्याआधी त्याचा भाव कोण ठरवतं, हे कादंबरी जिथे घडते त्या ल्यूबेकच्या वाचकापेक्षा त्याला जास्त कळतं. हान्नोसाठी त्याचे डोळे जरूर भरून यावेत. त्यानंतर त्याने १८६८च्या प्रकरणाकडे परत जावं आणि ती तार जिथून निघाली त्या शेतावर थोडा वेळ थांबावं.